भोंगा वाजला की हुहाना पळते

हुहाना हॅरोबद्दल आमच्या रिमूफोर्डमध्ये कुणालाही विचारा, पहिलं वाक्य ठरलेलं आहे: "ती होय? हातातलं काम अर्धं टाकून पळते ती." ऐकणाऱ्याला वाटतं, बाई कामचुकार असणार. तसं नाही. आमच्याकडे आगीचा बंब गावातलीच माणसं चालवतात, फुकट. हॉलमागच्या खांबावर भोंगा आहे. तो वाजला की खाटकाने सुरी ठेवायची, मास्तराने खडू ठेवायचा आणि बंबाच्या शेडकडे धूम ठोकायची. सगळेच पळतात, पण हुहाना सगळ्यांच्या पुढे असते. एकदा ती दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीतून पळाली. अर्धं तोंड बधिर, त्यामुळे बंबावरून ती कुणाला काय हुकूम सोडत होती ते कुणालाच कळेना. शेवटी ज्याने त्याने आपल्या मनाने पाणी मारलं. स्वतःच्या लग्नातूनही ती केक कापायच्या आधी पळाली होती. त्या लग्नाचं पुढे फारसं काही झालं नाही, पण त्यात भोंग्याचा दोष नव्हता. नवराच तसला होता.

मी डॉट. हॉलच्या समोर माझं आणि नेव्हिलचं मासे आणि चिप्सचं दुकान आहे. नेव्हिल म्हणजे माझा नवरा. दिवसभर तो मासे तळतो आणि उरलेल्या वेळात गिटारच्या चार जाड तारांवर ढुम्म ढुम्म करतो, त्याला बास म्हणतात. हुहानाच्या बँडमध्ये तो होता, म्हणून ही सगळी भानगड मला जवळून बघायला मिळाली. नाहीतर गाण्यातलं मला काय कळतंय!

हुहाना चौदा वर्षांची असताना इथे मावशीकडे राहायला आली. तिचे वडील खाली बंदरात कालवं काढणाऱ्या बोटीवर असायचे आणि आई नव्हती. पोरगी बोलायची नाही. मात्र समोर जे येईल ते बडवायची. टेबल, बादली, बसच्या सीटची पाठ, काहीही. मावशीने कुणाकडून तरी जुना ड्रमसेट आणून दिला आणि आठवड्याभरात तिला स्वतःच्याच चांगुलपणाचा पश्चात्ताप झाला. शेजारी भांडायला आले. तेव्हा बंबाचा चीफ मर्व्ह ओल्डफील्ड मध्ये पडला. मर्व्ह मेंढ्या पाळायचा. बोलणं कमी आणि तेही तिरकं. त्याने तिला बंबाच्या शेडमधला मागचा कोपरा दिला आणि म्हणाला, "अट एकच. भोंगा वाजला की बाजूला व्हायचं. बंबाच्या वाटेत तुझा ढोल दिसला तर बंब त्याच्यावरून जाईल, सांगून ठेवतो."

ती बाजूला होत गेली. मग दार ओढायला लागली, मग पाण्याचे पाइप गुंडाळून ठेवायला लागली. एक दिवस मर्व्हने तिच्या डोक्यावर हेल्मेट ठेवलं. त्याआधी आमच्या बंबावर बाई चढली नव्हती. दोन म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, तर मर्व्ह म्हणाला, "तिला आधी पळून हरवा, मग बोला." विषय संपला.

पण तिचं वाजवणं ऐकायला मर्व्ह कधी आला नाही. "ढोल वाजवणारे शेवटी बहिरे होतात," तो म्हणायचा, "आणि ऐकणारे त्यांच्या आधी." कुठेही कार्यक्रम असला की हुहाना शेडमधल्या त्याच्या खुंटीवर, टोपीखाली, एक तिकीट अडकवून ठेवायची. तिकीट तिथेच पिवळं पडायचं. पुढच्या वेळी ती जुनं काढून नवं अडकवायची. याबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही, पण तिला ते लागत होतं. मला डोळे आहेत.

बँडचं नाव 'गॉर्स'. गॉर्स म्हणजे ते पिवळ्या फुलांचं काटेरी झुडूप, जे आमच्या बापजाद्यांपासून सगळे उपटतायत आणि जे तसूभर हटत नाही. तिघंच जण होते. ड्रमवर हुहाना, बासवर आमचे हे, आणि गिटार व गाणं लॅक्लन गिलेस्पीचं. लॅक्लन लाकडाच्या गिरणीत कामाला. पोरगा काडीसारखा, पण आवाज असा की ऐकताना आपलंच काहीतरी हरवलंय असं वाटावं. ही मंडळी वाजवतात त्याला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात, हे मला नेव्हिलने सांगितलं.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे नेहमीचं रॉक नाही, वेगळं."

"आणि नेहमीचं तरी आपल्या गावात कुणी कधी वाजवलं होतं?"

यावर तो मासे उलटायला लागला.

त्र्याण्णव सालच्या जुलैत त्यांनी आल्बम करायचं ठरवलं. जुलैच का, तर हुहाना दुधाचा टँकर चालवायची आणि जुलै म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धात ऐन थंडी, तेव्हा गाई भाकड असतात, टँकर उभा असतो. डनेडिन शहरातून टॅम्सिन नावाची ध्वनिमुद्रण करणारी मुलगी गाडीत यंत्रं भरून घेऊन आली. हॉलमध्ये आवाज घुमतो म्हणाली. मग आम्ही बायकांनी लोकरीची रिकामी पोती आणि घरच्या गोधड्या भिंतींवर टांगल्या. शेगडी फुसफुसते म्हणून तीही बंद करायला लावली. लॅक्लन स्वेटरच्या आत गरम पाण्याची पिशवी घालून गायला. आल्बममध्ये एका ठिकाणी त्याचा आवाज कापतो. लोकांना ती भावना वाटते. ती थंडी आहे.

सगळी गाणी झाली, एकच हाती लागेना. 'काळं बर्फ' त्याचं नाव. पहाटे डांबरावर जो न दिसणारा बर्फाचा थर असतो, त्यावरून टँकर नेणाऱ्या बाईचं गाणं. शब्द लॅक्लनचे, पण जीव हुहानाचा. वाजवायला बसली की ती फार जपून वाजवायची. टॅम्सिन म्हणायची, "ब्रेकवर पाय ठेवून वाजवतेयस तू." हुहाना म्हणायची, "त्या रस्त्यावर ब्रेकवर पाय ठेवला तर मरशील." आणि पुन्हा तसंच.

एका दुपारी ते गाणं सापडलं. मी चहा घेऊन गेले होते, दारातच थांबले. मला कळत नाही म्हटलं ना, पण त्या दिवशी कळलं. हुहानाचे हात सुटले होते. गाणं उचलत उचलत वर चाललं होतं आणि नेमका भोंगा वाजला.

काड्या जमिनीवर पडल्या, स्टूल उलटलं, बुटांचा धाडधाड आवाज, बाजूचं दार आपटलं. हुहाना गेली. नेव्हिल आणि लॅक्लन आ वासून एकमेकांकडे बघायला लागले. टॅम्सिनने हाताने खूण केली, थांबू नका! मग ते दोघं तसेच वाजवत राहिले. बाहेर भोंगा चढत उतरत होता, बंब सुरू झाला, निघून गेला, भोंगा विरत विरत थांबला, आणि मागे फक्त गिटार आणि बास उरले, आई बाजाराला गेल्यावर घरात राहिलेल्या दोन पोरांसारखे.

टुलक नावाच्या शेतकऱ्याची गवताची गंजी पेटली होती. संध्याकाळी हुहाना धुराने काळवंडलेलं तोंड घेऊन परत आली. "चला, पुन्हा घेऊ."

"नाही घ्यायचं," टॅम्सिन म्हणाली. "बस आणि ऐक."

हुहानाने ऐकलं. "यात मी कुठंय? अर्ध्या गाण्यात तर मी नाहीच."

"ड्रम गेला की कुणीतरी गेलं हे कळतं, हुहाना," लॅक्लन म्हणाला. "आपण इतके दिवस तेच शोधत होतो."

तिने पुष्कळ आढेवेढे घेतले, मग मान हलवली. आल्बमचं नावही 'काळं बर्फ'च ठेवलं.

वसंतात कॅसेट आली आणि डनेडिनच्या विद्यार्थ्यांच्या रेडिओवर हेच गाणं सारखं वाजायला लागलं. एका वर्तमानपत्रात परीक्षण आलं. नेव्हिलने ते दुकानात मोठ्याने वाचलं. भोंगा म्हणजे खेड्यातल्या कोंडलेल्या मनाचा आक्रोश आहे, असं त्या गृहस्थांनी लिहिलं होतं.

"टुलकची गंजी आहे ती," मी म्हटलं.

"असू दे गं. माणसाला आवडलंय ना?"

त्याला आवडलं होतं, हे खरं. खाली लिहिलं होतं की त्याने ते गाणं गाडी रस्त्याकडेला थांबवून ऐकलं. हुहानाने तेवढं वाक्य माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं आणि टँकर घेऊन निघून गेली. जाताना ती शीळ घालत होती. मी तिला शीळ घालताना आधी कधी ऐकलं नव्हतं.

मग आमच्या शहाण्याने शुक्रवारच्या गर्दीत दुकानाचं दार सताड उघडं ठेवून कॅसेट लावली, आवाज भरपूर मोठा. गाणं त्या जागेवर आलं. समोरच्या पबमधून तीन माणसं ग्लास टाकून पळाली. लोकर कातरणीच्या शेडमधून एकजण आला, त्याच्यामागे अर्धी कातरलेली मेंढी. मर्व्ह हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या बोलिंगच्या खेळातून पांढऱ्या कपड्यांत आला, अंगावर सगळा जामानिमा चढवून बंबावर बसला, आणि भोंग्यामागून गिटार ऐकू आल्यावर तसाच बसून राहिला. गावाला हसायला आठवडाभर पुरलं. पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी मोटारीत तेच झालं. पुन्हा पळापळ, पुन्हा हशा. यावेळी हशा थोडा कमी.

तिसऱ्यांदा भोंगा खरा होता. पबमध्ये दोघं उठायला लागले तर कुणीतरी म्हणालं, "बसा रे, नेव्हिलने पुन्हा कॅसेट लावली असेल." ते बसले. बंब निम्म्या माणसांनिशी निघाला. आयला इझ्बिस्टरची लोकरीची शेड जळत होती. आयला ऐंशीच्या घरातली, एकटी. माणसाला किंवा जनावराला इजा झाली नाही, पण अर्धी शेड गेली. माणसं पुरेशी असती तर गेली नसती.

सोमवारच्या कवायतीला मर्व्हने सगळ्यांसमोर सांगितलं, "गावात भोंगा एकच, खांबावरचा. तो खोटा बोलत नाही म्हणून माणसं पळतात. हुहाना, हे गाणं गावात वाजणार असेल तर तू हेल्मेट खुंटीला लाव."

"नाही वाजणार, चीफ," हुहाना म्हणाली.

ती घरोघर फिरली आणि कॅसेटी परत मागून घेतल्या. लोक म्हणाले, राहू दे गं, आम्ही हळू आवाजात ऐकू. ती हात पुढे करून उभीच राहायची. आयलाकडे गेली तेव्हा म्हातारी म्हणाली, "शेड जुनी होती पोरी. आणि कॅसेट माझ्याकडे नाहीच. वाजवायचं यंत्र कुणाकडे आहे?" तिथून हुहाना थेट माझ्याकडे आली. मी समोर ठेवलेल्या माशाला तिने हात लावला नाही.

"डॉट, माझ्यामुळे ती माणसं बसून राहिली."

"नेव्हिलमुळे. आणि त्यांच्या आळसामुळे."

"मीच तो भोंगा गाण्यात ठेवू द्यायला नको होता. रविवारी हॉलमध्ये आपला कार्यक्रम ठरलाय, तोही नको आता."

लॅक्लन तिथेच होता, तो उसळला. "अख्ख्या देशात वाजतंय आणि आपल्या गावात नाही? हा काय न्याय झाला?"

"देशात आपला भोंगा नाही ना, लॅक्लन."

मला त्या दोघांचीही कणव आली. आयुष्यात एकदाच एवढं चांगलं काहीतरी हातून घडावं आणि ते आपल्याच माणसांना ऐकवता येऊ नये! मी तिला सरळ सांगितलं, "रडायचं तर रड, पण हॉल सोडू नकोस. कॅसेटमध्ये भोंगा आहे. तुमच्या हातांत आहे का? समोर बसून वाजवा की, भोंग्याशिवाय."

ती मर्व्हकडे विचारायला गेली. मी बरोबर होते. मर्व्ह शेडमध्ये बंब पुसत होता.

"भोंगा नसेल तर माझी ना नाही," तो पाठमोराच म्हणाला. "मी मात्र इथेच असणार. सगळं गाव हॉलमध्ये बसलं तर फोनपाशी कुणीतरी हवं."

हुहानाने त्याच्या टोपीखालचं जुनं तिकीट काढलं आणि नवं अडकवलं.

रविवारी दुपारी हॉल खचाखच भरला. चीज रोलची ताटं, चहाचा मोठा बंब, पोरंबाळं. डनेडिनहून टॅम्सिन आली आणि तिच्यासोबत हिरव्या-जांभळ्या केसांची विद्यार्थीमंडळी. आमच्या म्हाताऱ्यांनी त्यांचे केस बघितले आणि त्यांनी आमचे चीज रोल. दोन्ही बाजू खूश होत्या. आयला इझ्बिस्टर काठी टेकत आली आणि पहिल्या रांगेत बसली. बंबाच्या शेडची आणि हॉलची भिंत एकच, मध्ये एक दार. ते बंद होतं. हुहानाने दोनदा तिकडे पाहिलं.

'काळं बर्फ' शेवटी घेतलं. ठरलं असं होतं की भोंग्याच्या जागी तिने नुसतं थांबायचं, काड्या मांडीवर ठेवून बसायचं, आणि बाकीच्या दोघांनी गाणं पुढे न्यायचं. गाणं चढत गेलं. तिचे हात जुलैतल्यासारखे सुटले होते. ती जागा आली. ती थांबली. काड्या मांडीवर ठेवल्या.

आणि भोंगा वाजला.

विद्यार्थ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "वा! टेप लावली!" कुणीतरी ओरडलं. आमची बंबावरची माणसं अर्धी उठली आणि तशीच एकमेकांकडे बघत राहिली, बसावं की पळावं. आयलाची शेड अशीच गेली होती.

"टेप नाही!" हुहाना उभी राहून ओरडली. "खरा आहे! उठा!"

स्टूल उलटलं, काड्या पडल्या, आणि ती त्या मधल्या दारातून गेली. मग सगळे उठले. इतके उठले की बंबात जागा पुरेना, दोघं-चौघं मागच्या गाडीत चढले.

नेव्हिल आणि लॅक्लन पुन्हा तसेच उरले, दोघंच. पण आता त्यांना ठाऊक होतं काय करायचं, ते वाजवत राहिले. बंब गेला, भोंगा थांबला. तेव्हा पहिल्या रांगेतून ठक, ठक असा आवाज यायला लागला. आयला इझ्बिस्टर काठी लाकडी जमिनीवर आपटत होती, अगदी तालात. तिच्या शेजारणीने पायाने ताल धरला. मग मागच्या रांगांनी, मग त्या हिरव्या केसांच्या पोरांनी. मीही, माझे गुडघे असे असताना. सगळा हॉल हुहानाच्या जागी वाजवत होता. नेव्हिल बास वाजवता वाजवता रडत होता, आणि एरवी मी त्याला त्यावरून पुष्कळ बोलले असते.

लॅक्लनचा घसा बसला तेव्हा कुठे आम्ही थांबलो. पण घरी कुणी गेलं नाही. चहा पुन्हा उकळला, चीज रोल पुन्हा भाजले. उन्हं उतरायला लागली तेव्हा बंब परत आला. नदीकाठचं गॉर्स पेटलं होतं, वाऱ्याने वस्तीकडे सरकत होतं, आणि माणसं भरपूर होती म्हणून अडवता आलं. मधल्या दारातून सगळे हॉलमध्ये आले. धुराचा भपकारा, काळी तोंडं. हुहाना गर्दीतून वाट काढत ड्रमपाशी गेली आणि खाली पडलेल्या काड्या शोधायला लागली. कुणीतरी त्या जपून ठेवल्या होत्या, त्या तिच्या हातात दिल्या.

"चला," लॅक्लन घोगऱ्या आवाजात म्हणाला, "पहिल्यापासून घेऊ."

"पहिल्यापासून कशाला?"

मर्व्ह दारात उभा होता. हेल्मेट काखेत, हातात कुणीतरी दिलेला चहा. आत यायचं की नाही हे त्याचं अजून ठरत नव्हतं.

"पोरीने जिथे सोडलं होतं तिथून घ्या," तो म्हणाला. "तिथपर्यंतचं मी ऐकलंय. तेवढ्यात फोन आला आणि मला भोंग्याचं बटण दाबायला जावं लागलं."

हुहाना त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या काजळलेल्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"बरं, चीफ," ती म्हणाली, आणि जिथे सोडलं होतं तिथून तिने सुरू केलं.